'अकुशल' म्हणजे नेमके कोण?

कौशल्याचा अभाव दाखवणाऱ्या शब्दांची मराठीत वाण नाही. अडाणी, अनाडी, नवशिका, कच्चा, वेंधळा, गबाळा अशी ही यादी बरीच लांबवता येईल. यांतील बहुतेक शब्द घरात, शाळेत किंवा शेजारीपाजारी रागाने अथवा थट्टेने वापरले जातात आणि तिथेच विरून जातात. 'अकुशल' हा शब्द मात्र वेगळा आहे. तो हजेरीपटावर, निविदेत, शासनाच्या अधिसूचनेत आणि न्यायालयाच्या निकालपत्रात लिहिला जातो. त्याच्यावरून माणसाची मजुरी ठरते आणि प्रसंगी त्याच्या जिवाची किंमतही ठरते. म्हणूनच या शब्दाचा मूळ अर्थ काय, तो कसा बदलत गेला आणि आज त्याने नेमके काय सूचित होते, हे पाहणे उद्बोधक आहे.

त्यासाठी मुंबईच्या पूर्व उपनगरातील कांजूरमार्ग हे ठिकाण सोयीचे आहे. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्गाचा जुना औद्योगिक पट्टा आणि त्यापलीकडे पवईला १९५८ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था, तर पूर्वेस कांजूर गाव, पूर्व द्रुतगती महामार्ग आणि ठाणे खाडीलगतची मिठागरांची जमीन. देशातील सर्वोच्च तांत्रिक शिक्षण आणि ज्याला शिक्षण लागत नाही असे समजले जाणारे अंगमेहनतीचे काम, या दोहोंमध्ये येथे अवघ्या काही किलोमीटरचे अंतर आहे.

गवत कापणाऱ्याचा शब्द

'अकुशल' हा 'कुशल' या शब्दाला 'अ' हा नकारार्थी उपसर्ग लागून झालेला शब्द. 'कुशल'ची परंपरागत व्युत्पत्ती अशी की, जो कुश आणतो तो कुशल. कुश म्हणजे दर्भाची एक जात. धार्मिक कृत्यांना लागणारे हे गवत काठाला इतके धारदार असते की, निष्काळजीपणे ओढल्यास बोट कापते. तीक्ष्ण बुद्धीला आपण 'कुशाग्र' म्हणतो तेही या गवताच्या टोकावरूनच. श्रावणातील ज्या अमावास्येला आपण पिठोरी म्हणतो, तिलाच दर्भग्रहणी असेही नाव आहे. वर्षभर पुरतील इतके दर्भ त्या दिवशी आणून ठेवण्याची चाल होती. हात कापून न घेता, नेमके हवे तेच गवत निवडून आणणे हे सावधपणाचे आणि सरावाचे काम होते. ज्याला ते जमे तो 'कुशल', आणि पुढे कोणत्याही कामात तरबेज असलेला माणूस 'कुशल' ठरला.

हा अर्थविस्तार संस्कृत साहित्यशास्त्रात चर्चेचा विषय झाला होता. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात रूढीने आलेल्या लक्षणेचे उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला. कुश आणण्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसाला आपण एखाद्या कामात 'कुशल' म्हणतो, तेव्हा मूळ अर्थ बाजूला पडून दुसरा अर्थ रूढीने स्वीकारला जातो, असे त्याचे म्हणणे. चौदाव्या शतकातील 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने ते मान्य केले नाही. शब्दाची व्युत्पत्ती वेगळी आणि त्याचा प्रत्यक्ष अर्थ वेगळा. 'दक्ष' हाच 'कुशल'चा मुख्य अर्थ होय, असा त्याचा आक्षेप होता. आधुनिक वाचकाच्या दृष्टीने या वादातील एक गोष्ट लक्षणीय आहे. नैपुण्याचा हा प्रतिष्ठित शब्द गवत आणण्याच्या कामातून आला, याविषयी या चर्चेत कोणालाच संकोच वाटलेला नाही.

इतर शब्दांचीही हीच कथा आहे. 'प्रवीण' म्हणजे मुळात वीणावादनात निपुण. 'निष्णात' म्हणजे शब्दशः नीट न्हालेला. 'नदीष्ण' हा याच घराण्यातला, आज विस्मृतीत गेलेला शब्द. नदीचे उतार, डोह आणि धार यांची ज्याला माहिती आहे तो नदीष्ण; त्यावरून जाणकार असा अर्थ आला. 'निष्णात' आणि 'नदीष्ण' हे दोन्ही शब्द कौशल्याच्या अर्थी कसे सिद्ध होतात, हे पाणिनीने एका स्वतंत्र सूत्रात सांगितले आहे. फारसी-अरबीतून मराठीत आलेले 'कारागीर', 'कसबी', 'वाकबगार', 'तरबेज' आणि अस्सल मराठी 'हातखंडा', 'हातोटी', 'हात बसणे' हे शब्दप्रयोग पाहिले तरी कौशल्याचे मूळ हातात, सरावात आणि परिचयात आहे, हीच समजूत त्यांच्यामागे दिसते.

कुशल आणि क्षेम

'कुशल'ला मराठीत आणखी एक अर्थ आहे, तो सुखरूपतेचा. क्षेमकुशल विचारणे, सर्व कुशल असल्याचे पत्रात लिहिणे हे प्रयोग एके काळी घरोघर परिचित होते. पाली भाषेत या शब्दाने नैतिक अर्थ धारण केला. तेथे 'कुसल' म्हणजे हितकर आणि 'अकुसल' म्हणजे अहितकर कर्म. लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशलाची तीन मुळे मानली जातात. महाराष्ट्रातील बौद्ध समाजात 'कुशल कर्म' आणि 'अकुशल कर्म' हे शब्द आजही याच अर्थाने बोलले जातात. म्हणजे एकच माणूस सकाळी विहारात 'अकुशल' हा शब्द एका अर्थाने ऐकतो आणि महिनाअखेरीस पगारपत्रकावर तोच शब्द अगदी निराळ्या अर्थाने वाचतो.

शब्दांच्या छटा

बोलीतील शब्दांचे नीट वर्गीकरण केले तर मराठीने कौशल्याच्या अभावाची कारणे किती बारकाईने वेगळी केली आहेत, हे ध्यानात येते. 'ढ' हा शब्द बुद्धीविषयी आहे. 'वेंधळा' आणि 'धांदरट' हे अवधानाविषयी आहेत. वेंधळ्या माणसाला काम येत असते, पण त्याचे लक्ष नसते. 'गबाळा' हा टापटिपीविषयी, तर 'धसमुसळा' हा हाताच्या जडपणाविषयी आहे. 'अजागळ' हा शब्द 'अजागलस्तन' या संस्कृत शब्दावरून आला. शेळीच्या गळ्याशी लोंबणाऱ्या, दूध न देणाऱ्या स्तनासारखा निरुपयोगी, असा त्याचा कठोर अर्थ. 'अडाणी' आणि 'अनाडी' हे अज्ञानाकडे बोट दाखवतात. 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण तर कौशल्य नसण्यापेक्षा ते कबूल न करण्यावर टीका करते.

'नवशिका' आणि 'शिकाऊ' हे दोन शब्द यांहून निराळे. त्यांत काळ गृहीत धरलेला आहे. आज जो नवशिका आहे तो उद्या तसा राहणार नाही, हे त्या शब्दातच आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानेही शिकण्याला मुदत घालून दिली. मुदत संपली की उमेदवार कारागीर होतो. 'अकुशल' या शब्दाला अशी मुदत नाही. वीस वर्षे एकाच प्रकारचे काम केलेला माणूसही कागदावर अकुशल राहू शकतो. बोलीतील शब्दांत आणि या शब्दांत हाच मोठा फरक आहे.

कायद्यातील व्याख्या

आजच्या प्रचलित अर्थाने 'अकुशल' हा शब्द कामगारविषयक कायद्यांमुळे रूढ झाला. १९४८च्या किमान वेतन कायद्याखाली निरनिराळ्या उद्योगांसाठी वेतनदर जाहीर होत आले. महाराष्ट्रात त्यासाठी भूभागाची परिमंडळे आणि कामगारांचे कुशल, अर्धकुशल व अकुशल असे वर्ग करण्याची पद्धत पडली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ ने त्या कायद्याची जागा घेतली. परंतु वर्गीकरण कायम राहिले. किंबहुना संहितेत अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि उच्चकुशल असे चार वर्ग आहेत.

वेतनाच्या अधिसूचनांत या वर्गांचे जे स्पष्टीकरण येते, ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. कुशल कामगार म्हणजे स्वतंत्र निर्णय घेऊन जबाबदारीने काम पार पाडू शकणारा. अर्धकुशल म्हणजे कामाची पुरेशी माहिती असलेला आणि साधी अवजारे व यंत्रे चालवणारा. अकुशल म्हणजे ज्याच्या साध्या कामाला स्वतंत्र निर्णयबुद्धी किंवा पूर्वानुभव फारसा लागत नाही असा. मात्र या शेवटच्या व्याख्येला एक पुस्ती जोडलेली असते. कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीशी त्याचा परिचय असणे आवश्यक आहे, अशी ती पुस्ती. याचा अर्थ, ज्याला कायदा अकुशल म्हणतो त्यालाही काहीतरी ठाऊक असलेच पाहिजे, हे कायदाच मान्य करतो. हा परिचय मिळवण्यास किती दिवस वा किती वर्षे लागतात आणि त्याचे मोल काय, याबद्दल मात्र व्याख्या मौन पाळते.

ग्रामीण रोजगाराच्या कायद्यांतही हाच शब्द मध्यवर्ती राहिला. महाराष्ट्राच्या १९७७च्या रोजगार हमी कायद्याने अकुशल अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढांना कामाची हमी दिली. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने अशा कामाची व्याख्या करताना, कोणतेही कौशल्य वा विशेष प्रशिक्षण नसताना कोणताही प्रौढ माणूस करू शकेल असे शारीरिक काम, असे म्हटले. येथे शब्दाचा हेतू उदार होता. कोणालाही पात्रतेच्या नावाखाली दारातून परत पाठवता येऊ नये, यासाठी तो वापरला गेला. एकच शब्द एका कायद्यात दार उघडतो आणि दुसऱ्या कायद्यात पगाराची खालची पायरी ठरवतो.

कांजूरची दोन टोके

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कांजूरमार्ग, भांडुप आणि विक्रोळी हा सलग औद्योगिक पट्टा होता. कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्हजचा रोहित्रे बनवण्याचा मोठा कारखाना होता. अशा कारखान्यांत फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन ही नावे म्हणजे सन्मानाची पदे होती. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे आयटीआयचे प्रमाणपत्र हाती असलेल्या तरुणाला कारखान्याच्या दारात निराळी वागणूक मिळे. ज्याच्याकडे ते नसे तो 'हेल्पर' म्हणून लागे. मिस्त्रीच्या हाताखाली राहून तो यंत्र चालवायला शिकेही, परंतु शिकलेले कागदावर चढेलच याची खात्री नसे. आज या पट्ट्यातील बहुतेक कारखान्यांच्या जागी निवासी मनोरे, कार्यालये आणि मॉल उभे आहेत. कारखान्याबरोबर हेल्परचा मिस्त्री होण्याचा जिनाही गेला. त्याच जागेवर आज जे सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि सामान पोहोचवणारे तरुण दिसतात, त्यांच्या कामात वरची पायरी सहसा नसतेच.

पूर्वेकडील मिठागरांची गोष्ट अधिक बोलकी आहे. मिठाच्या आगरावरूनच 'आगरी' हे समाजनाम आले असे मानले जाते आणि भातशेती व मीठ पिकवणे हे या समाजाचे परंपरागत व्यवसाय. महामार्गावरून जाणाऱ्याला मिठागर म्हणजे उन्हात चमकणारे चौकोन आणि त्यांत मीठ ओढणारी माणसे, एवढेच दिसे. हे काम म्हणजे निव्वळ अंगमेहनत, असाच त्याचा समज होई.

प्रत्यक्षात मीठ पिकवणे ही क्रमाक्रमाने करायची, चुकीला क्षमा नसलेली प्रक्रिया आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, तर भरतीची वेळ अचूक माहीत हवी. पावसाळ्यानंतर वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून इतका घट्ट करायचा की, पाणी जिरू नये आणि मिठात चिखल येऊ नये. मग पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवत तापवायचे. समुद्राच्या पाण्याची घनता बॉमे मापकावर सुमारे ३ अंश असते. मिठाचे स्फटिक धरू लागतात ते सुमारे २५ अंशांवर. त्याआधी जिप्सम खाली बसून वेगळे झालेले असावे लागते. घनता २९-३० अंशांच्या पुढे गेली तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात मिसळून ते कडवट होते, म्हणून उरलेले पाणी वेळेत काढून टाकावे लागते. त्यातच वारा, ढग आणि अवकाळी पाऊस यांचा अंदाज चुकला तर अनेक दिवसांची मेहनत एका सरीत विरघळते.

भरतीची गणना, जमिनीची परीक्षा, पाण्याच्या घनतेची जाण आणि हवामानाचा अंदाज या चार गोष्टी एकत्र आल्याशिवाय मीठ पिकत नाही. यांतील प्रत्येक गोष्टीचा अभ्यासक्रम खाडीपासून पवईपर्यंतच्या त्या काही किलोमीटरच्या पलीकडे शिकवता येईल आणि त्याला पदवीही मिळेल. मिठागरात ते ज्ञान बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे गेले. त्याला 'नदीष्ण' म्हणता आले असते. नागर नजरेने त्याला अंगमेहनत म्हटले.

आता ही जमीन वेगळ्याच कारणांनी चर्चेत असते. मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०२०मध्ये राज्य सरकारने कांजूरमार्गची जागा निवडली, तेव्हा तिच्या मालकीवरून केंद्र आणि राज्य न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप व मुलुंड येथील आर्थर, जेनकिन्स आणि जमास्प या मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्विकासातील भाडेतत्त्वावरील घरांसाठी वापरण्याचा निर्णय घेतला. या साऱ्या वादांत जमिनीचे मोल एकरात आणि कोटींत मोजले गेले. तिथे मीठ पिकवणाऱ्यांना काय येत होते, याची नोंद मात्र कोणत्याही सातबारावर नसते.

नाक्यावरचा बिगारी

आज या उपनगरांत 'अकुशल' हा शब्द सर्वाधिक लागू होतो तो बांधकाम मजुराला. मुंबईत ठिकठिकाणी सकाळी मजुरांचे नाके भरतात. तेथे गवंडी, सुतार, रंगारी आणि प्लंबर यांचे दर निराळे आणि 'बिगारी'चा दर निराळा, अर्थात सर्वांत कमी. 'बिगारी' हा शब्द फारसी 'बेगार'वरून आला. बेगार म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम. संस्कृत 'विष्टि'वरून आलेला 'वेठ' हा शब्द त्याला जोडून 'वेठबिगार' हा जोडशब्द झाला. १९७६च्या कायद्याने वेठबिगारीची पद्धत रद्द झाली, पण शब्द नाक्यावर उरला. त्याचा इतिहास कौशल्याविषयी काहीच सांगत नाही. या माणसाच्या श्रमाचे पैसे द्यावे लागत नसत, एवढेच तो सांगतो.

बिगाऱ्याच्या कामातही कसब असते. वाळू-सिमेंटचे प्रमाण, पाण्याचा अंदाज, डोक्यावर घमेले घेऊन परांचीवर तोल सांभाळणे आणि गवंड्याचा हात थांबू न देता माल पुरवणे या गोष्टी पहिल्या दिवशी कोणालाच जमत नाहीत. ते शिकणे मोठेही नाही, हेही खरेच. दोन महिन्यांत येणारे काम आणि दहा वर्षांत येणारे काम यांत फरक आहेच, आणि वेतनात तो दिसणे गैर नाही. प्रश्न उरतो तो एवढाच की, 'कमी कौशल्य' आणि 'कौशल्यच नाही' या दोन गोष्टींसाठी भाषेत एकच शब्द असावा काय?

शब्दाची किंमत

हा निव्वळ भाषेचा प्रश्न नाही. मोटार अपघातात मरण पावलेल्या व्यक्तीच्या उत्पन्नाचा लेखी पुरावा नसेल, तेव्हा भरपाई ठरवताना न्यायाधिकरणे पुष्कळदा किमान वेतनाचा दर आधाराला घेतात. मृत व्यक्ती कुशल होती की अकुशल, यावरून मग कुटुंबाला मिळणारी रक्कम बदलते. नाक्यावर उत्तम फरशी बसवणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसते, आणि तो गेल्यावर त्याचे कसब सिद्ध करायला त्याची पत्नी कोणता कागद आणणार?

दुसरा परिणाम अधिक भयंकर आहे. जे काम कोणालाही जमते असे मानले जाते, त्यासाठी प्रशिक्षण आणि साधने देण्याची गरज कोणाला वाटत नाही. गटारात वा मैलाटाकीत उतरवलेल्या माणसांचे विषारी वायूने होणारे मृत्यू हे त्याचे उदाहरण. आत कोणता वायू असू शकतो, तो कसा तपासावा, दोर आणि श्वसनयंत्र कसे वापरावे, हे जाणणे प्रशिक्षणाचे काम आहे. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय अशी सफाई करवून घेण्यास बंदी केली. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत.

या त्रुटीची जाणीव अलीकडे काही प्रमाणात झाली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसाय वर्गीकरणात अशा कामांच्या गटाला 'प्राथमिक व्यवसाय' या अर्थाचे नाव आहे. तेथे 'अकुशल' हा शब्द वापरलेला नाही. भारतात २०१५मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, कामातून आधीच मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली. एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत तर कालचे अकुशल एकाएकी 'अत्यावश्यक' ठरले. त्या शब्दाने टाळ्या मिळाल्या. वेतनाच्या तक्त्यातील वर्ग मात्र होता तोच राहिला.

वापरासंबंधी

तात्पर्य, 'अकुशल' हे विशेषण वापरताना ते कशाला लागते, हे पाहणे इष्ट. एखाद्या कामासाठी औपचारिक प्रशिक्षणाची अट नाही, एवढाच त्याचा पारिभाषिक अर्थ आहे. तो कामाच्या वर्गाला लावावा. ते काम करणाऱ्या माणसाला तो लावला की, त्या माणसाला काहीच येत नाही असा अर्थ त्यातून निघतो, आणि तसे ना कायद्याची व्याख्या म्हणते, ना शब्दाची व्युत्पत्ती. लेखनात 'अकुशल मजूर' याऐवजी 'अंगमेहनतीचे काम करणारा' किंवा सरळ कामाचे नाव, म्हणजे हमाल, बिगारी, सफाई कामगार, मिठागरातील कामगार, असे लिहिल्यास अर्थाची हानी होत नाही, उलट तो अधिक नेमका होतो.

आज गवत कापणे हे काम वेतनाच्या तक्त्यात टाकायचे झाले तर ते निःसंशय अकुशल वर्गात जाईल. हात कापून न घेता कुश आणणाऱ्या ज्या माणसावरून भाषेने 'कुशल' हा शब्द घडवला, त्याला त्याच शब्दाच्या यादीत आज जागा मिळणार नाही.